सनई मध्यम ठेवायची नाही

आमच्या आप्पांनी शेकड्यानं लग्नं वाजवली, पण धड बघितलं एकही नाही. माणूस कायम मांडवाच्या कडेला, टेबलामागे. इकडे मंगलाष्टका चालल्यात, अक्षता उडतायत, बायका डोळे पुसतायत, आणि आमचे वडील मशीनच्या जाळीला डोळा लावून आत बघत बसलेत. आई तर सांगायची की स्वतःच्या लग्नातही ह्यांनी तेच केलं. "अंतरपाट खाली गेला, मी लाजत लाजत मान वर केली, तर ह्यांची मान पाठीमागं! कर्णा घरघरत होता म्हणे." हे सांगताना ती हसायची, पण इतक्या वर्षांनीही त्यात थोडी धुसफूस असायचीच.

मशीन म्हणजे अँप्लिफायर. लाऊडस्पीकरच्या धंद्यात त्याला सगळे मशीनच म्हणत. आप्पांचं मशीन जुनं, काचेच्या व्हॉल्व्हचं. एका टुरिंग टॉकीजवाल्यानं धंदा बंद केला तेव्हा घेतलेलं. मागच्या बाजूला दोन जाडजूड व्हॉल्व्ह शेजारी शेजारी उभे, आणि त्या दोघांच्या जिवावर चार कर्णे गाव दणाणून सोडायचे. नव्वदच्या दशकात आमच्या मखमलाबादेत ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं कुणाकुणाकडे आली होती. आप्पा त्यांना डबे म्हणत.

व्हॉल्व्हच्या काचेत मधोमध एक काळा पत्रा असतो. सगळं ठीक असलं की तो काळाच राहतो. त्याला सोसवेना झालं की पत्र्यावर आधी लालसर ठिपका उमटतो, मग तो पसरतो, आणि वेळीच बटण बंद केलं नाही तर व्हॉल्व्ह गेलाच. आप्पांचं आयुष्य त्या ठिपक्याची वाट बघण्यात गेलं, असं म्हटलं तरी चालेल. म्हणून तर ते मशीन सोडून जेवायलाही उठत नसत. ताट तिथंच यायचं.

आणि ठिपका यायचा कधी, तर सनई लागली की! काय सांगू, हे अगदी नेमानं. सिन्नरला जा, लासलगावला जा, सुरगाण्याच्या डोंगरात जा. सकाळी सनईची कॅसेट लावली की थोड्या वेळात लाली चढलीच. तेच एखाद्या पुढाऱ्याचं भाषण असलं, घसा फोडफोडून, आवाज पूर्ण सोडलेला, तर व्हॉल्व्ह गारढोण. ह्यावरून आमच्या घरानं एकमतानं निष्कर्ष काढला की सनईची कॅसेट पनवती आहे. आप्पांनी दुसरी आणली. तीही पनवती निघाली. मग मशीनवर लिंबू-मिरची बांधली. शेवटी आईनं तिसरी कॅसेट पाटाच्या पाण्यात सोडून दिली, वर हातही जोडले. आणि मी? इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, अंबडच्या कारखान्यात टेस्टिंगला लागलेली मी काठावर उभी राहून ते विसर्जन बघत होते!

आप्पांचा स्वतःचा उपाय वेगळा होता. मध्यम. हा त्यांचा लाडका शब्द. चहा मध्यम गोड, बोलणं मध्यम, सायकल मध्यम. "मशीनला दमवायचं नाय. माणसानं मध्यम राहावं, मशीनबी मध्यम ठेवावं." सनई लागली की बटण बरोबर मधोमध. तरी लाल झालंच तर दोन्ही हात वर करून म्हणायचे, "मध्यम ठेवलं तरी लाल! आता काय करावं माणसानं?"

माझं लग्न ठरलं आणि हा सगळा प्रकार गळ्याशी आला.

मुलीच्या लग्नात दुसऱ्याचं मशीन आणणं शक्यच नव्हतं. "लोकं तोंडात शेण घालतील," आप्पा म्हणाले. मशीन आमचंच वाजणार हे ठरलं. मग मशीनपाशी बसणार कोण? सिन्नरचे एक लाऊडस्पीकरवाले आप्पांचे जुने दोस्त होते, पण ती तिथी एवढी दाट की त्यांच्याकडेच दोन लग्नं. बाकी कुणाच्या हाती मशीन द्यायला आप्पा तयार नाहीत. त्यातून नवे व्हॉल्व्ह मिळणं बंद झालेलं. फडक्यात गुंडाळून ठेवलेली एकच कोरी जोडी होती. ती भर मांडवात गेली की मशीन संपलं.

"मग कन्यादानाला बसणार कोण?" मी विचारलं.

आप्पांनी कोऱ्या जोडीवरचं फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. मग म्हणाले, "तुझ्या मामाला सांगू. मामाचाबी मान असतो."

माझं डोकंच फिरलं. "मामानं काय म्हणून? बाप मेलाय का माझा?"

"अगं शुभ बोल गं!" आई ओरडली.

"शुभच बोलतेय! सगळ्या गावाची लग्नं ह्यांनी पाठमोरी वाजवली, माझंही तसंच वाजवणार? मी पाटावर बसणार आणि माझा बाप जाळीत तोंड खुपसून बसणार?" बोलता बोलता रडायलाच आलं, आणि रडायला आलं की मला आणखी राग येतो. "मशीन लाल होणार नाही असं मी करून दाखवते. मग तरी बसाल?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या माणसाला बसायचं नव्हतं असं नाही हो. ते मला तेव्हा त्यांच्या तोंडावर दिसलं. "करून दाखव," ते म्हणाले. "लाल नाय झालं तर बसंन. दोन्ही हात मोकळे सोडून बसंन."

झालं! पैज लागली म्हणायची.

कॉलेजात व्हॉल्व्ह आम्हाला शिकवलेच नव्हते. पण जोडीनं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरांचं गणित शिकवलं होतं, आणि जोडी ती जोडी. उखळात दोघी बायका आळीपाळीनं मुसळ घालतात ना, तसं. एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. आवाजाच्या लाटेचा एक अर्धा भाग एक व्हॉल्व्ह ओढतो, दुसरा अर्धा दुसरा. आणि उष्णतेचा हिशोब तर अगदी घरगुती. मशीननं व्हॉल्व्हच्या जोडीला किती वीज पुरवली ते मोजा, त्यातली किती आवाज होऊन बाहेर पडली ते मोजा. जी उरली ती जाणार कुठं? काचेतच राहणार, पत्रा तापवत. आमच्या व्हॉल्व्हची सोसायची ताकद प्रत्येकी पंचवीस वॉट. त्याच्या वर गेलं की लाली. एवढंच!

एवढंच, पण मोजायचं कसं? चार कर्णे लावून पूर्ण आवाज सोडला असता तर अख्खं गाव दारात आलं असतं. कर्ण्यांच्या जागी विजेला तेवढाच रोध करणारं काहीतरी लावायला हवं होतं, जे वीज खाईल पण बोंबलणार नाही. घरात शोधाशोध केली. इस्त्री लावून बघितली, जमेना. आणि मग मला पाणी तापवायचा छोटा रॉड दिसला. त्याचा रोध मीटरनं मोजला, तर जवळजवळ हवा तेवढाच! मी स्वयंपाकघरातच उडी मारली. आईला वाटलं पाल बघितली.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं, कारण लाली बघायला अंधार हवा. बाहेर रणरणतं ऊन, आत नुसत्या व्हॉल्व्हचा पिवळसर उजेड. पाण्यानं भरलेल्या पातेल्यात रॉड सोडला आणि त्याच्या दोन वायरी मशीनच्या पाठीत लावल्या. आता सतत एकसारखा सूर हवा होता. भजनी मंडळाची बाजाची पेटी आमच्याकडेच असायची. आईला पेटीपाशी बसवलं, एक पट्टी दाबून धरायला सांगितली आणि भाता मारायला लावलं. समोर माइक.

"कोणतं भजन?" आई म्हणाली.

"भजन नको. फक्त हीच पट्टी. मी थांब म्हणेपर्यंत."

मशीनच्या आत आठशे व्होल्ट. आप्पांचा नियम असा होता की मशीन उघडं असताना एक हात पाठीमागे, कमरेवर. दुसऱ्या हातानंच काय ते काम. दोन्ही हात आत गेले की माणूस गेला. त्यांनी मला बांगड्या काढायला लावल्या, पायात रबरी चपला घालायला लावल्या आणि स्वतः मेन स्विचवर हात ठेवून उभे राहिले. व्हॉल्व्ह जुने, वापरलेले लावले होते. कोरी जोडी फडक्यातच.

पहिलं मोजमाप मशीन गप्प असताना. आवाज शून्य. दोन्ही व्हॉल्व्ह मिळून साठ मिलिअँपिअर. आठशे गुणिले साठ, भागिले हजार, म्हणजे अठ्ठेचाळीस वॉट. बाहेर काहीच जात नाही. एकेकाच्या वाट्याला चोवीस.

"आप्पा! हे नुसते उभे आहेत तरी चोवीस खातायत! पंचवीसची तर ताकद!"

"असं असतं व्हय," आप्पा म्हणाले. आत एक पेच होता. तो फिरवला की व्हॉल्व्ह स्वस्थ असताना किती वीज ओढतो ते कमीजास्त व्हायचं. आप्पांनी तो वर्षानुवर्षं जरा जरा चढवत नेला होता, कारण त्यानं आवाज भरदार यायचा. चूक नव्हतंच ते. त्यांच्या कानाला बरोबर वाटत होतं.

मग बटण मधोमध. आप्पांचं मध्यम. आईनं भाता मारायला सुरुवात केली. दुकानात नुसता पेटीचा तो एक सूर, कर्ण्यातून चकार शब्द नाही, आणि पातेल्यात रॉडभोवती बारीक बुडबुडे. मी आतली वीज मोजली, रॉडवर पोचलेली मोजली, वजाबाकी केली. एकेकाच्या वाट्याला सत्तावीस! आणि तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आला."

ठिपका आला होता. सनई नाही, कॅसेट नाही, पनवती नाही, नुसती आमच्या आईची पेटी, आणि तरी आला! मला तर टाळ्याच पिटाव्याशा वाटल्या, पण एक हात पाठीमागे होता.

"बंद करतो," आप्पा म्हणाले.

"थांबा! पूर्ण आवाजाला बघायचंय."

"येडी झाली का? मध्यमला लाल, तर फुलला फुटंल ना!"

खरं सांगू, मलाही तेच वाटत होतं. सगळ्यांना तेच वाटतं. जास्त आवाज म्हणजे जास्त ताप, ह्यात शंका घ्यायला जागाच कुठं आहे? पण वर्गात फळ्यावर काढलेली एक वक्ररेषा माझ्या डोळ्यांपुढे नाचत होती. ती चढत जाते आणि शेवटाआधीच खाली वळते. परीक्षेपुरती पाठ केली होती, अर्थ लागला नव्हता.

"फुटला तर फुटू द्या," आई भाता मारत म्हणाली. "जुनाच हाय ना? माझा हात भरून आला, काय करायचं ते करा."

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पातेल्यातलं पाणी सूं करायला लागलं. मीटरचा काटा उडाला. आतली वीज एकशे चव्वेचाळीस वॉट, बापरे! पण रॉडवर मोजली तर शंभर! म्हणजे उरली चव्वेचाळीस. एकेकाला बावीस. मी परत मोजलं. बावीसच. मी आप्पांकडे बघितलं, तर ते मीटरकडे बघतच नव्हते. ते जाळीला डोळा लावून बसले होते, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"उतरली," ते म्हणाले. "बाई, लाली उतरली."

मी वाकून बघितलं. मघाचा लाल ठिपका विझत विझत पत्रा पुन्हा काळा झाला होता. आवाज पूर्ण आणि पत्रा काळा! मी एवढ्यानं ओरडले की आईनं भाता सोडून दिला. "पुन्हा! पुन्हा मध्यम करा!" मध्यम केलं. थोड्या वेळात ठिपका हजर. पूर्ण केलं, उतरला. मध्यम, आला. पूर्ण, उतरला. आम्ही दोघं चेकाळलोच होतो. आप्पांनीच मग बटणाचा ताबा घेतला आणि हे करत बसले. आई म्हणाली, "सकाळी मला बंब पेटवायचं जिवावर येतं, आणि हे बाप-लेक पेटी वाजवून आंघोळीचं पाणी तापवतायत!" आणि पातेल्यात बोट घालायला गेली.

"हात घालू नको!" आम्ही दोघं एकदम किंचाळलो.

मग शटर वर केलं, चहा झाला, आणि मी आप्पांना समजावून सांगायला बसले. लग्नपत्रिकेचा छापून आलेला पहिला नमुना समोर होता, त्याच्या पाठीवर आकडे मांडले. पूर्ण आवाजाला वीज खूप आत येते, पण तेवढीच झपाझप बाहेरही जाते. अगदी कमी आवाजाला बाहेर जात नाही, पण आतही फार येत नाही. घोळ सगळा मधल्या जागेत. तिथं आत भरपूर येते आणि बाहेर त्या मानानं फारच थोडी पडते. उरलेली सगळी काचेच्या बोकांडी. "आणि सनई म्हणजे एक क्षण थांबत नाही. पुढारी श्वास घेतो, पाणी पितो, टाळ्यांची वाट बघतो, तेवढ्यात व्हॉल्व्हला उसंत मिळते. सनईवाला कुठं उसंत देतो?"

आप्पा पत्रिकेच्या पाठीवरच्या आकड्यांकडे बघत राहिले. "म्हंजी मी जपत होतो," ते हळूच म्हणाले, "तितंच ते जळत होतं."

मी म्हटलं, "आप्पा, सगळ्यांनाच असं वाटतं. मलाही वाटलं होतं."

"नाय, वाईट नाय वाटलं," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचे डोळे चमकत होते. "इतकी वर्षं मला वाटायचं माझंच नशीब फुटकं. हे तर गणित हाय! गणित असलं की धरता येतं." आणि मग खो खो हसत आईला म्हणाले, "तुझी ती कॅसेट फुकट बुडाली बरं का!"

पुढचे दोन-तीन रविवार आमचे ह्यातच गेले. घरात पापड, सांडगे, आहेराची लुगडी, पाहुण्यांची झोपायची सोय, आणि नवरी मुलगी दुकानात एक हात पाठीमागे धरून उभी. चुडा भरायच्या आत सगळं उरकायला हवं होतं, कारण कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरल्यावर आप्पा मला मशीनच्या जवळही फिरकू देणार नव्हते. मी तो पेच खाली उतरवत नेला. गणितानं म्हटलं, आणखी उतरव. आप्पांच्या कानानं म्हटलं, बास.

"पातळ झाली सनई. गळा बसल्यागत."

"पण आकडा..."

"आकडा तुझा, कान माझा. जरा चढव."

जरा चढवलं. मग त्यांनी मान हलवली आणि मी मोजलं. मशीन गप्प असताना एकेकाला साडेसतरा. दोघांचंही समाधान. मी त्या साडेसतराच्या आकड्याभोवती पत्रिकेवर महिरप काढली.

खरं भांडण झालं ते कर्ण्यांवरून. माझं म्हणणं असं की सनई अगदी हळू ठेवायची, आणि ती सगळ्यांना ऐकू यावी म्हणून कर्णे लिंबाच्या शेंड्यावर न टांगता मांडवाच्या खांबांना, माणसांच्या जवळ बांधायचे.

"कर्णे खाली? मुलीचं लग्न हाय का कुणाच्या दहाव्याचं भजन? पंचक्रोशीत आवाज गेला पायजे!"

"जाईल ना! मंगलाष्टकांना पूर्ण सोडा. खुशाल फुल! हवं तर दोन कर्णे वर ठेवा, पण दोन खाली. सनईला हळू, मंगलाष्टकांना फुल. मधे मात्र कधीच नाही."

"एकतर हळू, नायतर फुल," आप्पा स्वतःशीच पुटपुटले. ज्या माणसानं जन्मभर सगळं मध्यम केलं, त्याला हे पचायला जड गेलं असणार. पण त्यांनी देवघरातून कुंकू आणलं आणि बटणाभोवती पत्र्यावर दोन ठिपके लावले. एक खालच्या बाजूला, एक वरच्या टोकाला. मधली जागा कोरी.

हळदीच्या दिवशी मांडवात सकाळपासून सनई खालच्या ठिपक्यावर वाजत राहिली. आप्पा दर थोड्या वेळानं जाळीत डोकावून यायचे. काळा. पुन्हा जायचे. काळा. संध्याकाळी माझ्या अंगाला हळद, त्यांच्या कपाळाला घाम, आणि त्यांनी लांबूनच मला मूठ आवळून दाखवली. पोरासारखे खूश झाले होते.

लग्नाच्या दिवशी कोऱ्या जोडीवरचं फडकं निघालं. मशीनपाशी माझ्या थोरल्या आत्याला बसवलं. तिला फक्त दोन कुंकवाचे ठिपके दाखवले होते आणि मधे थांबायचं नाही एवढी शपथ घातली होती. मंगलाष्टकांना तिनं बटण असं काही वरच्या ठिपक्यावर नेलं की भटजी स्वतःच्या आवाजानं दचकले. आवाज पार मळ्यांपलीकडे गेला. शेवटचं सावधान झालं, ताशे कडाडले, आणि आत्यानं सांगितल्याप्रमाणे सनई खालच्या ठिपक्यावर लावली.

कन्यादानाला आप्पा पाटावर बसले. नवा सदरा, खांद्यावर उपरणं, शेजारी आई हातात पाण्याची झारी घेऊन. समोर आम्ही दोघं. मशीन बरोबर आप्पांच्या पाठीमागे, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांना बघायचं तर मान पूर्ण वळवावी लागली असती. मला मात्र त्यांच्या खांद्यावरून ते समोरच दिसत होतं. आणि मी तिकडेच बघत होते! नवी जोडी, ऊन चढलेलं, टेबलाभोवती गर्दी, आत्याचा पदर जाळीवर तर नाही ना पडला, पेच कुणी हलवला तर नाही ना. साडेसतरा, साडेसतरा असं मनात चाललेलं. नवऱ्या मुलाला वाटलं, मी त्याच्या मावशीकडे टक लावून बघतेय. तो बिचारा मावशीकडे बघून हसला.

"तिकडं काय बघते?" आप्पा हळूच म्हणाले. "गणित तुझंच हाय ना? मग पुढं बघ."

त्यांनी माझे हात आपल्या ओंजळीत घेतले. आई झारी उचलते, तेवढ्यात सनई थांबली.

एकदम. मधेच. अख्खा मांडव गप्प. आप्पांच्या मशीननं लग्नात गप्प बसावं, हे आमच्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. बायका मागे वळून बघायला लागल्या. गेला, व्हॉल्व्ह गेला, माझ्या साडेसतरानं माझ्याच लग्नात माती खाल्ली! आप्पांचे हात माझ्या हातांखाली ताठ झालेले मला कळले. ते आता उठणार, हे मला कळलं. शेकडो लग्नांत ते असेच उठून धावले होते.

टेबलामागे कुणीच नव्हतं. आत्या कन्यादान बघायला मांडवात येऊन उभी होती, पदरानं डोळे पुसत.

आप्पांनी डोळे मिटले. मान वळवली नाही. त्यांनी नुसते कान दिले. त्या शांततेत मलाही ऐकू आलं: खांबांवरच्या कर्ण्यांतून अगदी बारीक, सलग, ओळखीचा हूं आवाज येत होता. व्हॉल्व्ह जिवंत असले की येतो तो.

"कॅसेटची बाजू संपली," आप्पा म्हणाले. "मशीन हाय." माझ्या गणितात सगळं होतं, कॅसेटला दोन बाजू असतात हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. भटजी म्हणाले, "कुणाला तरी सांगा उलटवायला, आपण थांबू."

"काय नाय थांबायचं," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, सरळ, जाळी नाही, काच नाही. मग शेजारी आईकडे वळून म्हणाले, "सोड पाणी."

आईनं झारी वाकवली. सनईशिवाय, ताशाशिवाय, परातीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता आणि मागे तो हूं. मी ढसाढसा रडत होते आणि मला एवढा आनंद झाला होता की तो कुणाला सांगू ते कळत नव्हतं.

पाठवणीच्या वेळी आई माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, आता सासरी नीट वाग वगैरे सांगणार. तिनं कानाशी तोंड आणलं, तिचा गाल ओला होता पण आवाजात हसू मावत नव्हतं.

"मघाशी बघितलंस का गं?" ती म्हणाली. "सोड पाणी म्हणाले तेव्हा? आमच्या लग्नात राहिलं होतं बघ, ते आज बघितलं त्यांनी माझ्याकडं."